साखळीवर पाय

(कल्याण पूर्वेत कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



आज मी नकाशावर बोलणार आहे. काहीजणांनी आत्ताच एकमेकांकडे बघितलं. मोर्चा सोडून हे भूगोलाचं मास्तरपण कुठून काढलं, असं तुम्हाला वाटत असेल. वाटू द्या. पण आधी खिशातला मोबाईल काढा. नकाशा उघडा. आपापली वस्ती शोधा. नेतिवलीच्या टेकडीवरचे, कळव्याचे, मुंब्र्याचे, वागळे इस्टेटचे, सगळ्यांनी शोधा.

काय दिसतं? टॉवर दिसतो, नावासकट. सोनाराचं दुकान दिसतं. एटीएम दिसतं. आणि जिथं तुझी आई तीस वर्षं पाणी भरते ती गल्ली? करडा डाग. ना नाव, ना वाट. आणि हाच करडा डाग महापालिकेच्या विकास आराखड्यात हिरवा असला, म्हणजे तिथं बगीच्याचं आरक्षण असलं, की बुलडोझर रस्ता न चुकता येतो. पाण्याच्या लाईनीला तुझी गल्ली सापडत नाही, बुलडोझरला मात्र सापडते. म्हणून नकाशा हा भूगोलाचा विषय नाही. जगण्याचा आहे.

आता मागे चला. गावाची शीव कुठून कुठे जाते, हे पूर्वी कुणाला ठाऊक होतं? पाटलाला? कुलकर्ण्याला? नाही. महाराला. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष अखेरची. कुठला ओढा, कुठला दगड, कुठली बाभळ, हे त्याच्या पायाला ठाऊक. शीव त्यानं राखायची, हद्दीचे दगड त्यानं सांभाळायचे, वेशीवर येसकर म्हणून त्यानंच उभं राहायचं. म्हणजे गावाचा पहिला जिवंत नकाशा आपला आजा होता. आणि ज्याच्या डोक्यात अख्ख्या गावाची हद्द, त्याचं घर कुठं? हद्दीच्या कडेला, गावकुसाबाहेर. ज्यानं गाव मोजून दाखवलं त्याला गावात मोजलं नाही. ही या देशाची भूमिती.

मग इंग्रज आला. त्याला सारा पाहिजे होता. आधी प्रिंगल साहेबानं मोजणी केली, ती फसली. १८३५ साली इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्यानं सुरुवात केली आणि त्याच पद्धतीनं मुंबई इलाखा मोजला गेला. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर. आज डोंबिवलीत बिल्डर ज्या सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरवर कोट्यवधीचे सौदे करतो, ते नंबर या साखळीच्या पोटातून आलेत.

साखळीबरोबर साक्षही बदलली. महाराच्या डोक्यातली शीव कागदावर उतरली. टिपण झालं, आकारबंद झाला, गावनकाशा झाला. आणि कागद कुलकर्ण्याच्या दप्तरात गेला. ज्याला अक्षर ठाऊक तो मालक. आपल्याला अक्षर शिकायची बंदी होती, हे मी तुम्हाला सांगायला नको. जुन्या गावनकाशाचं एक नेहमीचं माप बघा. आठ इंचाला एक मैल, म्हणजे एका इंचात ६६० फूट. त्यात दहा बाय बाराचं खोपट सुईच्या टोकाएवढंही येत नाही. सारा जमिनीवर बसायचा. माणूस मोजायचं कारणच नव्हतं.

आता वतनाकडे या. १८७४ च्या वतन कायद्यानं आपल्याला थोडी जमीन आणि जन्मभराची वेठ बांधून दिली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात त्याविरुद्ध बिल आणलं. हे वतन नव्हे, बेडी आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. पुढे १९५८ चा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून कनिष्ठ गाववतनं गेली. बेडी तुटली. पण जमीन? ती आधी सरकारजमा झाली. मग आकाराच्या पटीत पैसे भरून आपलीच जमीन आपण परत मागायची. परत मिळाली ती नव्या शर्तीवर. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही, वाटायची नाही. ज्याला मुदत कळली नाही, ज्याच्याकडे पैसे नव्हते, तो आपल्याच वावरात अतिक्रमणवाला ठरला. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, तुरुंग भरले, ते काय हौस म्हणून?

माझ्या घरातली गोष्ट सांगतो. कल्याणच्या बाजूच्या एका गावात माझ्या आजोबांचा वतनाचा तुकडा होता. वडील गिरणीत. त्यांना एवढंच ठाऊक की आपला एक तुकडा आहे, ओढ्याच्या अंगाला. ते गेल्यावर मी एका कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, "सर्व्हे नंबर सांगा." मी म्हणालो, "ओढ्याच्या अंगाला." तो हसला. त्याच्याबरोबर चहा पिणारा दलालही हसला. तीन महिने खेटे घातले. शेवटी जुना उतारा हातात आला. त्यात आजोबांचं नाव, पुढं "महार वतन, वर्ग ६ ब". त्या सर्व्हे नंबरवर आज काय आहे? गेट आहे, वॉचमन आहे. वॉचमन आपलाच, मराठवाड्यातून आलेला. मला विचारतो, "कुणाकडं जायचंय?" मी काय सांगू त्याला?

त्या दिवशी एक गोष्ट कळली. दलाल आपल्यापेक्षा शहाणा नव्हता. त्याला नकाशा वाचता येत होता, एवढंच.

हे फक्त आपल्याच देशात होतं असं समजू नका. कॅनडाचं बघा. तिथं रेड नदीच्या काठी मेटी लोक राहायचे. बाप गोरा, आई आदिवासी, अशा घरांतून उभी राहिलेली ही जमात. त्यांची शेतं नदीपासून आत गेलेली, लांबट, अरुंद पट्ट्यांची. प्रत्येकाला पाणी मिळावं म्हणून. सरकारनं त्यांना न विचारता मोजणीदार पाठवले. त्यांच्या साखळीला नदी ठाऊक नाही, शेजार ठाऊक नाही, तिला चौकोन ठाऊक. ११ ऑक्टोबर १८६९ रोजी लुई रिएल नावाचा पंचविशीतला पोरगा आपल्या माणसांना घेऊन आला आणि त्यांनी साखळीवर पाय ठेवला. मोजणी थांबली.

पुढचं सांगायलाच हवं. १८७० च्या मॅनिटोबा कायद्यानं मेटींच्या पोरांसाठी १४ लाख एकर जमीन कबूल केली. वाटपात चालढकल, घोळ, दलाल. १८८५ साली रिएलला फाशी दिलं. आणि २०१३ साली त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की सरकारनं ते वचन नीट पाळलं नाही. १४३ वर्षांनी! इकडे १८७१ पासून त्या साखळीनं सहा मैल बाय सहा मैलांचे चौकोन प्रेअरीभर पाडले. आज ते सगळे चौकोन, देशातल्या गावा-नद्यांची नावं, त्यांचे अक्षांश-रेखांश, कॅनडाचं सरकार कुणालाही फुकट देतं. चांगलंच आहे. पण चौकोन उघडा झाला म्हणजे जमीन परत मिळाली असं नाही.

हीच गत आपली. आता आपल्याकडेही दप्तर उघडतंय. सातबारा संगणकावर आला, २०१८ पासून डिजिटल सहीचा मिळतो. गावनकाशे ऑनलाईन. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोन गावठाण मोजतोय. २०२१ साली केंद्रानं नकाशे बनवण्यावरची जुनी बंधनं सैल केली. कुलकर्ण्याचं दप्तर चावडीवर आलं म्हणा. पण चावडीवर पहिला कोण पोचला? ज्याच्याकडे आर्किटेक्ट आहे, वकील आहे, तो. उघडा कागदसुद्धा वाचणाऱ्याचाच असतो. आणि ड्रोन गावठाणाच्या हद्दीपर्यंत उडणार असेल, तर हद्दीबाहेरच्या वस्तीचं काय? तीच जुनी शीव, आता आभाळातून!

हद्द म्हणजे काय पवित्र गोष्ट आहे का? इथली २७ गावं बघा. १९८३ साली कल्याण-डोंबिवली महापालिकेत आत. २००२ साली बाहेर. २०१५ साली पुन्हा आत. माणूस जागचा हलला नाही, हद्द तीनदा हलली. राजकारण्यांसाठी हलते ती आपल्यासाठी का हलत नाही?

आता नावाचं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं काढायचं ठरवलं. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर. उत्तम. शिवीला नाव म्हणायचे दिवस संपलेच पाहिजेत. पण कान उघडे ठेवून ऐका. पाटीवरचा "महारवाडा" पुसा, उताऱ्यावरचं "महार वतन" पुसू देऊ नका. पाटीवर तो अपमान आहे, उताऱ्यावर तो पुरावा आहे. जुनं हाती लिहिलेलं संगणकावर चढवताना इतर हक्कातली एक ओळ गळली, की तीन पिढ्यांचा दावा गळला. आणि तो गळला तर बोंब मारायला कुणी राहणार नाही, कारण आपल्याकडे जुनी नक्कल नसेल.

म्हणून काम सांगतो. भाषण ऐकून टाळ्या वाजवायला आलेल्यांनी आता उठलं तरी चालेल.

प्रत्येक वस्तीतून दोन पोरं, दोन पोरी. सातबारा, आठ-अ, फेरफार वाचायला शिकायचं. महसूल संहितेच्या कलम ३२७ नं नकाशे आणि अभिलेख बघायचा हक्क दिलाय. नाही म्हटलं तर माहितीचा अधिकार आहेच. जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल आधी, संगणकाची नंतर. दोन्ही शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघायची. १-ई ही अतिक्रमणाची नोंदवही. त्यात आपलं नाव कधीच्या सालात पडलं ते बघायचं. तुला हुसकायला केलेली नोंदच कधीकधी तू तिथं होतास याची साक्ष देते.

आणि आपला नकाशा आपण करायचा. गल्ली चालायची, फीत धरायची. नळ कुठं, संडास कुठं, विहार कुठं, कुठल्या घरात कोण कधीपासून. म्हाताऱ्या बायकांना विचारा, त्यांच्या पायाला सगळं ठाऊक असतं. मोबाईलवर जागेचे आकडे मिळतात, ते लिहून ठेवा. वस्तीचं नाव टाका. सरकार मानेल न मानेल. पण मोजणीदार मशीन घेऊन येईल तेव्हा आपण ओढ्याच्या अंगाला म्हणून हात दाखवायचा नाही. कागद पुढे करायचा.

रिएलनं साखळीवर पाय ठेवला. पाय ठेवायला आपल्यालाही येतं, त्यासाठी अभ्यासवर्ग लागत नाही. पण नुसत्या पायानं मोजणी तेवढ्यापुरती थांबते. उद्या ती पोलीस घेऊन परत येते. त्या उद्याच्या आत साखळीचं दुसरं टोक आपल्या हातात पाहिजे.

आपल्या आज्यानं दुसऱ्याच्या गावाची शीव राखली. आपण आपली राखू.

पुढच्या रविवारी येताना प्रत्येकानं आपल्या वस्तीचा सर्व्हे नंबर शोधून आणायचा. ज्याला सापडणार नाही त्यानंही यायचं. त्याच्यापासूनच सुरुवात करू.

जयभीम!