सुरतेची उरलेली घरे

सुरत म्हटले की मराठी मनात तीन साले जागी होतात : 1664, 1670 आणि 1907. पहिली दोन शिवछत्रपतींच्या स्वाऱ्यांची, तिसरे काँग्रेसच्या फुटीचे. तिन्ही वेळी मराठी माणूस सुरतेस गेला तो झुंजण्यास किंवा भांडण्यास. दिवाळीच्या सुट्टीत सोमनाथ-द्वारकेस निघालेली आजची मराठी कुटुंबे तेवढ्यासाठीही तेथे उतरत नाहीत. गाडी स्थानकावर थांबते, कोणी घारीचा पुडा घेतो, आणि तापीचा पूल मागे पडतो.

या शहरात दोन दिवस केवळ जुनी घरे पाहण्यासाठी उतरावे, असे सुचविले तर पुष्कळांस नवल वाटेल. घर हे काय प्रेक्षणीय स्थळ आहे? देऊळ, किल्ला, धबधबा, समुद्र यांवर आपली सहल संपते. इंग्लंडात जुन्या वास्तू जपण्यासाठी 1895 मध्ये नॅशनल ट्रस्ट स्थापन झाला, आणि तेथील माणसे सुट्टीच्या दिवशी पूर्वजांची घरे पाहावयास सहकुटुंब जातात. आपल्याकडे वाडा आठवतो तो बहुधा पाडल्यानंतर.

वास्तविक 1664 च्या स्वारीची हकीकत हीसुद्धा घरांचीच हकीकत आहे. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. शहर उघडे पडले. विरजी व्होरा या धनाढ्य सावकाराचे घर लुटले गेले. हाजी सैद बेग याचा वाडा इंग्रजांच्या वखारीला लागून होता, आणि त्या दोन भिंतींच्या आसपास मोठी झटापट झाली. परंतु न लुटलेल्या घरांची गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो की, फादर अँब्रोझ या कापुचिन पाद्र्याच्या मठास महाराजांनी धक्का लावू दिला नाही; आणि डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही वगळले, कारण तो हयातीत दानधर्म करणारा होता असे त्यांस कळले होते. बर्निये त्या वेळी सुरतेत नव्हता, ही माहिती त्याने ऐकूनच लिहिली. तरीही लुटीच्या धामधुमीत घरमालकाच्या कीर्तीवरून एक घर राखले गेले, ही नोंद तोफा-तलवारींच्या वर्णनापेक्षा अधिक मोलाची आहे.

त्या काळची घरे मात्र आज शोधू नयेत. सुरतेचा खरा संहार केला तो अग्नीने आणि पाण्याने. 24 एप्रिल 1837 रोजी मच्छलीपीठ भागात आग लागली. लाकडी घरे भिंतीला भिंत लावून उभी असलेल्या त्या शहरात नऊ हजारांहून अधिक घरे जळाली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तापीला महापूर आला आणि उरलेसुरले बुडाले. श्रीमंतांनी आधीच मुंबईची वाट धरली होती, ती आता रुळली.

म्हणून आज गोपीपुऱ्यात किंवा नाणपुऱ्यात जी जुनी घरे दिसतात, त्यांपैकी पुष्कळशी पुन्हा उभे राहण्याच्या जिद्दीतून बांधलेली आहेत. दर्शनी बाजू अरुंद, खोली मात्र लांबच लांब. पुढे ओटलो, म्हणजे आपला ओटा. आत उजेडासाठी चौक. सागवानी सांगाडा आणि त्यात विटांचे भरण. वर कोरीव घोडे आणि छज्जा. ज्या लाकडाने घात केला, तेच पुन्हा वापरले! हवा दमट, उन्हाळा कडक, आणि सुतार हाताशी. माणूस आपली सवय सहसा सोडत नाही.

याच पोळलेल्या शहरात 1840 च्या दशकात दादोबा पांडुरंग तर्खडकर अध्यापक म्हणून आले. मराठीचे व्याकरणकार म्हणून ते आपणांस परिचित आहेत. पण 1844 मध्ये दुर्गाराम मेहताजींसमवेत त्यांनी सुरतेत मानवधर्म सभा काढली, हे किती जणांस ठाऊक असते? जातिभेद आणि अंधश्रद्धा यांवर तेथे उघड चर्चा झाली. पुढे मुंबईत परमहंस सभेच्या रूपाने जे घडले, त्याची पहिली तालीम सुरतेची. मराठी माणूस येथे भांडल्याशिवायही आला होता, तो असा.

गोपीपुऱ्यातील आमलीरानात कवी नर्मदाचे घर आहे. 1866 मध्ये बांधलेल्या या वास्तूस त्याने ‘सरस्वती मंदिर’ असे नाव दिले. लेखणीवरच जगण्याचा पण करून नोकरी सोडणाऱ्या आणि कर्जाने गांजलेल्या माणसाचे हे घर. विधवाविवाहाचा पुरस्कार करून तो थांबला नाही. 1870 मध्ये त्याने स्वतः एका विधवेशी विवाह केला आणि जातीचा रोष ओढवून घेतला. घर आज स्मारक म्हणून जपले आहे. जिन्याशी क्षणभर उभे राहिले तरी सुधारणा म्हणजे काय हे कळते : ती सभागृहात बोलली जाते, पण सोसावी लागते ती घरात.

1644 ची मुघल सराई, जिथे आज महानगरपालिका आहे, आणि 1850 चे अँड्र्यूज ग्रंथालय वाटेत पाहून घ्यावे. इंग्रजांच्या वखारीची वास्तू उरली नाही. तिचे रक्षण करणाऱ्या जॉर्ज ऑक्झेंडनची भव्य कबर मात्र उभी आहे. राहती घरे गेली, मेलेल्यांची टिकली.

दुसरा दिवस तापीपलीकडच्या रांदेरसाठी राखावा. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज प्रवासी बार्बोसा याने येथील मुसलमान व्यापाऱ्यांच्या घरांचे वर्णन केले आहे : पुढच्या दालनात सभोवार फळ्या, आणि त्यांवर दुकानासारखी मांडलेली उंची चिनी मातीची भांडी. 1530 मध्ये पोर्तुगीजांनी हे गाव लुटले व जाळले. पुढे येथील व्यापारी रंगूनला गेले. तिकडचा पैसा इकडच्या घरांना लागला. 1942 मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या आणि तो ओघ आटला. कुटुंबे पांगली, वाडे कमी होत आहेत, कारण जुन्या घराच्या डागडुजीपेक्षा त्याच्या जागेची किंमत जास्त.

ही घरे संग्रहालये नव्हेत, तेथे माणसे नांदतात. दार उघडे दिसले तरी ओट्यावरूनच विचारावे, छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी मागावी, आणि नकार मिळाला तर नमस्कार करून पुढे व्हावे. परतताना रांदेरच्या गल्लीत खावसा मिळतो. नारळाच्या दुधातला हा शेवयांचा पदार्थ ब्रह्मदेशातून आला, आणि तेथील व्यापार संपल्यावरही रांदेरच्या स्वयंपाकघरात राहिला.