नापास झालेला पहिला नंबर

ज्या मुलाचें नांव शाळेच्या फळ्यावर दरवर्षीं सर्वांच्या वर लिहिलें गेलें, ज्याच्या निकालाच्या दिवशीं आईनें शेजारीपाजारीं पेढे वांटले आणि ज्याच्यावरून गल्लींतल्या इतर मुलांना आपापल्या वडिलांचे चार शब्द ऐकावे लागले, तो मुलगा एक दिवस नापास होतो. वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षीं हें पुष्कळदां घडतें. आणि तें ज्या घरांत घडतें, त्या घराला अपयशाची मुळींच संवय नसते. नेहमीं काठावर पास होणाऱ्या मुलाचें घर निदान सावध असतें. पहिल्या नंबराचें घर गाफील असतें.

असें एक घर श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावें. गांव तालुक्याचें. वडील एस. टी. मध्यें कंडक्टर, आई घर सांभाळते. मुलानें बारावीनंतर एक वर्ष शहरांत राहून प्रवेशपरीक्षेचा अभ्यास केला, उत्तम गुण मिळविले आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत त्याला जागा मिळाली. गांवानें त्याच दिवसापासून त्याला 'डॉक्टर' म्हणण्यास आरंभ केला. वर्ष सरलें, निकाल लागला. शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र ह्या दोन विषयांत तो उत्तीर्ण झाला होता. शरीररचनाशास्त्रांत मात्र नापास. त्या रात्रीं घरून फोन आला तेव्हां तो म्हणाला, "निकाल अजून लागायचा आहे." दुसऱ्या रात्रींहि तेंच उत्तर. तिसऱ्या रात्रीं त्यानें फोन उचललाच नाहीं.

येथें क्षणभर थांबून पाहिलें पाहिजे कीं, बिघडलें तें काय? बुद्धि तर एका वर्षांत नाहींशी होत नाहीं. आळसाचा दोष द्यावा, तर हा मुलगा रात्रीं दोन-दोन वाजेपर्यंत दिव्याशीं बसत होता. त्याच्या पुस्तकांत असें एकहि पान नव्हतें कीं, ज्यावर पिवळ्या, हिरव्या आणि गुलाबी रेघा नाहींत. मग एवढे श्रम गेले कोठें?

उत्तर शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. वैद्यकाच्या प्रवेशासाठीं जी 'नीट' नांवाची परीक्षा घेतली जाते, तिच्यांत पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र ह्या विषयांचे १८० प्रश्न असतात आणि प्रत्येक प्रश्नाखालीं चार उत्तरें छापलेलीं असतात. बरोबर उत्तर डोळ्यांपुढेंच असतें. तें ओळखावयाचें असतें. दोन-तीन वर्षें मुलाच्या मनाला हेंच वळण लागलेलें असतें. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेंत मात्र बहुतेक गुण अशा उत्तरांना असतात, जीं कोऱ्या पानावर स्वतःच्या हातानें लिहावीं लागतात. शिवाय प्रात्यक्षिकाच्या वेळीं परीक्षक हाडाचा एक तुकडा हातांत देतात आणि म्हणतात, "बोला." तेथें चार उत्तरें छापलेलीं नसतात. ओळखणें आणि आठवणें ह्या मनाच्या दोन अगदीं भिन्न क्रिया आहेत. बाजारांत भेटलेला मनुष्य ओळखीचा वाटतो. पण त्याचें नांव सांगा म्हटलें, तर तें ओठांवर येत नाहीं. पुस्तकाचेंहि तसेंच आहे. दहाव्यांदा वाचलेलें पान इतकें ओळखीचें वाटतें कीं, तें आपल्याला येतें अशी मनाची फसगत होते.

त्यांत विषयाचा पसारा अफाट. प्रौढ माणसाच्या शरीरांत २०६ हाडें. प्रत्येकाचे उंचवटे, खांचा, त्यांना चिकटणारे स्नायु. मेंदूंतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्या आणि त्यांच्या वाटा. हें सारें इंग्रजींत. मराठी शाळेंतून आलेल्या मुलाला एकेका वाक्याशीं दोनदां झगडावें लागतें. एकदां भाषेशीं आणि एकदां अर्थाशीं.

स्मृतीच्या ह्या स्वभावाचा अभ्यास फार पूर्वींपासून झालेला आहे. जर्मनींतील हेर्मान एबिंगहाउस ह्यांनीं निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून स्वतःचीच परीक्षा घेतली आणि १८८५ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेल्या गोष्टींचा मोठा भाग पहिल्या कांहीं तासांतच नाहींसा होतो आणि उरलेला मग सावकाश झिजतो, असें त्यांना आढळलें. पुढें २००६ सालीं अमेरिकेंत रोडिगर आणि कार्पिकी ह्या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं विद्यार्थ्यांना उतारे वाचावयास दिले. कांहींनीं ते पुन्हां पुन्हां वाचले. कांहींनीं एकदां वाचून, उतारा बाजूस ठेवून, आठवेल तें लिहून काढलें. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली, तेव्हां पुन्हां पुन्हां वाचणारे पुढें होते. आठवड्यानें घेतली, तेव्हां आठवून लिहिणारे पुढें गेले. ह्या एका प्रयोगांत पहिल्या वर्षीं नापास होणाऱ्या कितीतरी हुशार मुलांचा इतिहास सांठवलेला आहे.

आतां पुन्हां त्या विद्यार्थ्याकडे वळूं या. चौथ्या दिवशीं तो धीर करून शरीररचना शिकविणाऱ्या बाईंच्या खोलींत गेला. टेबलावर ग्रे ह्यांचा प्रसिद्ध ग्रंथ पडला होता. बाईंनीं तो मिटला आणि एक कोरा कागद पुढें सरकविला. "मानेकडून हाताकडे जाणारें मज्जातंतूंचें जाळें काढ." त्यानें पांच मुळांच्या पांच रेघा ओढल्या. त्यांचे तीन बुंधे कसे होतात, बुंध्यांना फांटे कोठें फुटतात, फांटे पुन्हां जुळून तीन दोर कसे बनतात आणि त्यांतून हातांतले मज्जातंतु कसे निघतात, हें कांहींएक पुढें येईना. पेन्सिल थांबली.

"हें पान किती वेळां वाचलेंस?"

"दहा-बारा वेळां, मॅडम."

"आणि काढलेंस किती वेळां?"

तो गप्प.

"मग परीक्षेला तुझें पुस्तक बसवायला हवें होतें. तें पास झालें असतें."

बाई हें हंसत बोलल्या, म्हणून तें लागलें नाहीं. आणि खरें होतें, म्हणून विसरलेंहि गेलें नाहीं. मग त्यांनीं त्याला त्या ग्रंथाची गोष्ट सांगितली. तो १८५८ सालीं लंडनमध्यें प्रथम निघाला. त्यांतील चित्रें हेन्री व्हॅन्डाइक कार्टर नांवाच्या तरुण डॉक्टरांनीं काढलेलीं. तेच कार्टर पुढें मुंबईस येऊन ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांत शरीररचना शिकवीत असत. "ज्या माणसानें हीं चित्रें काढलीं," बाई म्हणाल्या, "त्याचा हात आधीं शिकला असला पाहिजे. तुझे फक्त डोळे शिकले आहेत."

नियमहि त्यांनीं समजावून दिले. निकालानंतर कांहीं आठवड्यांतच पुरवणी परीक्षा होते. तींत उत्तीर्ण झालेला विद्यार्थी आपल्याच वर्गाबरोबर दुसऱ्या वर्षाला जाऊन मिळतो. पहिलें वर्ष पुरें झाल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आणि त्यासाठीं एकंदर चार वेळां परीक्षेस बसतां येतें, चार वर्षांच्या आंत. म्हणजे दार मिटलेलें नाहीं; पण तें जन्मभर उघडें राहील असेंहि नाहीं. शेवटीं बाईंनीं विचारलें, "घरीं सांगितलेंस?" त्यानें मान हलविली. "मग आधीं तें कर. चित्रें उद्यां."

त्या रात्रीं त्यानें स्वतः फोन लावला. "बाबा, मी एका विषयांत नापास झालों. तुमच्याशीं खोटें बोललों." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग वडील म्हणाले, "अरे, माझ्या हिशेबांत पैसे कमी भरले तर मी काय करतों? डेपोंत जितके कमी तितके पदरचे भरतों, आणि दुसऱ्या दिवशीं पहाटेची गाडी चुकवीत नाहीं. तूं किती कमी पडलास, तें मोजलेंस का?" तो म्हणाला, "नाहीं." "मग मोज." एवढ्यांत आईनें फोन घेतला आणि विचारलें, "जेवलास का?"

ह्या दोन प्रश्नांत त्या मुलाचें अर्धें संकट सरलें. जें सांगतां येत नाहीं, त्याचेंच भय मोठें असतें. सांगून टाकल्यावर उरला तो एक विषय आणि थोडे आठवडे.

त्यानें मोजलें. परीक्षेच्या दोन्ही प्रश्नपत्रिका पुढें घेऊन त्यानें प्रत्येक प्रश्नासमोर खूण केली. डोकें व मान आणि मेंदूची रचना ह्या दोन भागांवरील प्रश्न जवळजवळ कोरे राहिले होते. हातापायांचे भाग अर्धवट येत होते. पोटाचा भाग बरा होता. "मला शरीररचना येत नाहीं" हें दुःख होतें. "मला हे दोन भाग येत नाहींत" हें काम झालें. दुःखावर उपाय सांपडत नाहीं; कामाला वेळापत्रक करतां येतें.

मग दिनक्रम बदलला. पहाटे उठून कोरा कागद, पुस्तक मिटलेलें. येईल तेवढें चित्र काढावयाचें, नांवें लिहावयाचीं, आणि मग पुस्तक उघडून लाल शाईनें चुका दुरुस्त करावयाच्या. दुपारीं हाडें हातांत घेऊन, डोळे मिटून, केवळ स्पर्शानें डावें-उजवें ओळखावयाचें. संध्याकाळीं एक मित्र परीक्षक होई आणि हा उभा राहून उत्तर देई. प्रथम मराठींत, म्हणजे समजलें कीं नाहीं तें कळावें, आणि मग तेंच इंग्रजींत. आज काढलेलें चित्र उद्यां, मग तीन दिवसांनीं, मग आठवड्यानें पुन्हां कोऱ्या कागदावर. रात्रीं अकराला दिवा बंद, कारण दिवसा शिकलेलें मनांत पक्कें होण्यास झोप लागते. पहिले आठ दिवस लाल शाई काळीपेक्षां अधिक होती. त्या दिवसांत त्याला आपण मागें चाललों आहों असें वाटे. वास्तविक आपलें अज्ञान त्याला प्रथमच दिसत होतें.

श्रम तेच ठेवून वाट बदलल्यानें काय होतें, ह्याचें थोर उदाहरण रोनाल्ड रॉस ह्यांचें आहे. १८५७ सालीं अल्मोड्यास जन्मलेल्या रॉस ह्यांचा ओढा काव्य, संगीत आणि चित्रकलेकडे. वैद्यक शिकावें ही इच्छा वडिलांची. १८७४ सालीं ते लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयांत शिकावयास गेले. शल्यविद्येची परीक्षा त्यांनीं दिली. परंतु वैद्यकीचा परवाना देणाऱ्या दुसऱ्या परीक्षेंत ते नापास झाले. कांहीं काळ जहाजावर डॉक्टर म्हणून काम करून ते पुन्हां त्या परीक्षेस बसले आणि १८८१ सालीं उत्तीर्ण होऊन हिंदुस्थानांतील वैद्यकीय सेवेंत दाखल झाले. पुढें हिवतापाच्या जंतूचा शोध घेतांना १८९५ पासून सुमारें दोन वर्षें त्यांनीं असंख्य डास सूक्ष्मदर्शकाखालीं फाडून पाहिले. हातीं कांहीं लागेना. कारण बहुतेक ते डासच निराळ्या जातींचे होते, आणि त्यांच्या शरीरांत तो जंतु वाढतच नाहीं. शेवटीं ठिपकेदार पंखांचे डास त्यांच्या हातीं आले आणि २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबादेस अशा एका डासाच्या जठराच्या भिंतींत त्यांना तो जंतु दिसला. १९०२ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. सूक्ष्मदर्शक तोच, डोळे तेच, चिकाटीहि तीच. डासाची जात तेवढी बदलली. त्या जुन्या जातींचे आणखी दहा हजार डास फाडून तो शोध लागला नसता. नापास झालेला विद्यार्थी जेव्हां "आतां दुप्पट वाचीन" अशी प्रतिज्ञा करतो, तेव्हां तो बहुधा जुन्याच जातीचे डास फाडावयास निघालेला असतो.

घरच्या वडीलधाऱ्यांच्या वांट्यासहि ह्यांत कांहीं काम येतें. झालेल्या खर्चाचा उच्चार, शेजारच्या मुलीशीं तुलना आणि "लोक काय म्हणतील" हीं तीन वाक्यें त्या कांहीं आठवड्यांपुरतीं तरी गिळावीं. मुलगा जेवत नसेल, झोपत नसेल, कोणाशीं बोलत नसेल किंवा जगण्याविषयींच निराश बोलत असेल, तर तो अभ्यासाचा प्रश्न राहिला नाहीं असें समजून त्याला एकटें न सोडतां तत्काळ डॉक्टरांचें साहाय्य घ्यावें. २०२२ सालीं सरकारनें सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रींअपरात्रींहि चालतो. आणि पुन्हां पुन्हां प्रयत्न करूनहि मुलाचें मन ह्या विद्येंत रमत नसेल, तर तेंहि शांतपणें ऐकून घ्यावें. चार्ल्स डार्विन ह्यांना वडिलांनीं १८२५ सालीं एडिंबरोस वैद्यक शिकावयास धाडलें होतें. दोन वर्षांनीं पदवी न घेतांच ते परतले. पुढें ते कोण झाले, तें सांगावयास नको.

आपला विद्यार्थी मात्र पुरवणी परीक्षेंत उत्तीर्ण झाला. गुण मोठे नव्हते. त्याच्या पूर्वींच्या निकालांशेजारीं ठेवले तर लहानच दिसतील. निकाल कळतांच त्यानें घरीं फोन केला. आईनें ह्या वेळीं पेढे वांटले नाहींत. घरांतच शिरा केला. दुसऱ्या वर्षाच्या वर्गांत कांहीं तास बुडाले होते, ते त्यानें मित्रांच्या वह्यांवरून भरून काढले. अर्थात् वह्या वाचून नव्हे, त्या मिटून. पांच रेघांवर थांबलेला तो कागद त्यानें पेटींत जपून ठेवला आहे.

सुटींत गांवीं गेल्यावर आजहि कोणीतरी त्याला "काय डॉक्टर!" म्हणून हांक मारतें. पूर्वीं तो नुसता हंसत असे. आतां तो म्हणतो, "अजून व्हायचें आहे."