डीएनए एकच, घडी निराळी



भिवंडीत सायझिंगचा कारखाना जवळ आला हे कळायला पाटी वाचावी लागत नाही. सुताला लावायची खळ शिजत असते आणि तिचा उबट, आंबूस वास गल्लीच्या तोंडाशीच गाठतो. ज्यांचा जन्म मागांच्या खडखडाटात गेला, ते हा वास डोळे मिटूनही ओळखतात. आज मला बोलायचं आहे ते वास ओळखणाऱ्या पेशींविषयी आणि त्यांच्या निमित्ताने मेंदूतल्या पेशींविषयी. कुठली पेशी कोण होणार, हे ठरतं कसं?

नाकाच्या आत, अगदी वर, छताशी गंधपेशींचा एक पातळ थर असतो. या चेतापेशीच आहेत. त्यांचे तंतू कवटीच्या हाडातल्या बारीक छिद्रांतून थेट मेंदूत जातात. माणसाकडे वास पकडणाऱ्या प्रथिनांची सुमारे ४०० जनुकं आहेत, उंदराकडे हजाराच्या वर. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये हा जनुकांचा गोतावळा शोधून काढला आणि २००४ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. यातली विलक्षण गोष्ट अशी की प्रत्येक गंधपेशी या शेकडो जनुकांपैकी एकच चालू ठेवते. बाकीची सगळी तिच्याजवळ असतात, पण बंद. जे जनुक चालू, तीच त्या पेशीची ओळख. एकच जनुक निवडलेल्या पेशींचे तंतू मेंदूत ठरावीक ठिकाणीच एकत्र येतात. निवड चुकली तर वासाचा निरोप भलत्याच पत्त्यावर जाईल.

वर्गात हा भाग आला की मुलं हमखास विचारतात, “सर, सगळ्या पेशींत डीएनए तोच असतो ना? मग यकृताच्या पेशीला आपण यकृत आहोत हे सांगतं कोण?” प्रश्न अगदी रास्त आहे. जीवशास्त्राने गेल्या पन्नास वर्षांत ज्या प्रश्नांवर सर्वांत जास्त घाम गाळला, त्यांतला हा एक. त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग डीएनएच्या घडीत आहे.

माणसाच्या एका पेशीतला डीएनए उलगडून सरळ धरला तर सुमारे २ मीटर भरेल. तो ४६ गुणसूत्रांत विभागून ज्या केंद्रकात बसवलेला असतो, त्याची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी. आता भिवंडीतल्या कापडाचा ताका डोळ्यांसमोर आणा. मागावरून उतरलेला ताका फोल्डिंगला जातो आणि मीटर-मीटरच्या घड्या एकावर एक बसतात. समजा काठाला दहाव्या मीटरवर एक खूण आहे आणि विसाव्या मीटरवर दुसरी. कापड पसरलं तर दोन्हींमध्ये दहा मीटरचं अंतर. घडी घातली की त्या एकाच कडेला, बोटभर अंतरावर येतात. कापड तेच, खुणा त्याच, पण कुणाच्या शेजारी कोण हे घडीने ठरवलं. केंद्रकातही असंच घडतं. जनुक एकीकडे असतं आणि त्याला चालना देणारा डीएनएचा तुकडा कधी कधी लाखो अक्षरं दूर असतो. घडीने दोघं जवळ आले तर जनुक जोमाने चालतं.

ही घडी आपोआप पडत नाही. कोहेसिन नावाचं कड्यासारखं प्रथिन डीएनए ओढत ओढत त्याचा फास मोठा करत जातं आणि सीटीसीएफ नावाचं दुसरं प्रथिन जिथे बसलेलं असेल तिथे ते सहसा थांबतं. कुठला भाग कुठल्या भागाला टेकला आहे हे अख्ख्या जीनोमभर मोजण्याची पद्धत २००९ मध्ये हाती आली. त्यानंतर हे क्षेत्र झपाट्याने पुढे गेलं.

आता आपल्या घरच्या कामाकडे येतो. भिवंडीहून ठाणे, तिथून लोकलने सीएसएमटी आणि पुढे बसने कुलाब्याच्या टोकाला गेलं की टाटा मूलभूत संशोधन संस्था लागते, आपण टीआयएफआर म्हणतो ती. तिथे डॉ. शुभा तोळे यांच्या प्रयोगशाळेने ‘एलएचएक्स-२’ या प्रथिनाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आहे. २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा एक शोधनिबंध आला. पहिलं नाव विशाखा मंगळे यांचं. प्रयोग उंदरांच्या गर्भांवर होता. मेंदूचा पुढचा भाग अगदी कोवळा असताना त्यातल्या काही पेशींमधून एलएचएक्स-२ काढून टाकलं. या पेशी मेंदूच्या बाह्यपटलाच्या, म्हणजे कॉर्टेक्सच्या, व्हायच्या होत्या. त्या तशा झाल्या नाहीत. त्या शेजारच्या पेशींना तुम्ही काय व्हायचं हे सांगणाऱ्या, हुकूम देणाऱ्या पेशी झाल्या. मग त्यांच्या अवतीभवतीच्या धडधाकट पेशींनी तो हुकूम मानला आणि हिप्पोकॅम्पस रचायला घेतला. हिप्पोकॅम्पस हा आठवणींसाठी लागणारा भाग. तो नेहमीच्या एकाच जागी न होता ठिकठिकाणी होऊ लागला. एक प्रथिन नाही म्हटल्यावर मेंदूचा नकाशाच बदलला. हा निबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यातली चित्रं कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

पुढे याच प्रयोगशाळेने दाखवलं की थोडा काळ गेल्यावर हेच एलएचएक्स-२ निराळं काम करतं. हिप्पोकॅम्पसमधल्या जनक पेशींनी चेतापेशी घडवत राहावं की आधारपेशींकडे वळावं, हे ते ठरवतं. हे काम २०११ चं. २०१७ मध्ये आणखी एक पान उलगडलं. कॉर्टेक्स तयार होत असताना एलएचएक्स-२ डीएनए आवळणाऱ्या प्रथिनांच्या एका जुडग्याशी हातमिळवणी करतं आणि खालच्या थरांतल्या चेतापेशींची ओळख ठरवणाऱ्या जनुकांना आवर घालतं. म्हणजे आधी एक काम, मग दुसरं, मग तिसरं. प्रथिन मात्र तेच.

हे कसं शक्य आहे? माझ्या मते इथेच घडीचं खरं महत्त्व कळतं. असं प्रथिन डीएनएवर वाटेल तिथे बसू शकत नाही. जिथे डीएनए मोकळा असेल आणि सोबतीला योग्य जोडीदार असेल, तिथेच ते बहुधा बसतं. पेशी बदलली, वेळ बदलली, की मोकळ्या जागाही बदलतात. म्हणून एलएचएक्स-२ चं काम ओळखायचं तर त्या वेळी पेशीने काय उघडं ठेवलं आहे आणि काय मिटून ठेवलं आहे, हे आधी बघावं लागतं.

आणि आता पुन्हा नाकाकडे वळू, कारण हेच एलएचएक्स-२ गंधपेशींतही आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात स्टाव्हरोस लोमवार्दास यांच्या गटाने उंदराच्या गंधपेशींचा डीएनए तपासला. वासाची जनुकं कितीतरी गुणसूत्रांवर विखुरलेली आहेत. त्यांना चालना देणारे साठाहून अधिक तुकडे या गटाला सापडले, तेही वेगवेगळ्या गुणसूत्रांवर. या तुकड्यांना गटाने ग्रीसमधल्या बेटांची नावं दिली. तयार गंधपेशीत ही बेटं आपापली गुणसूत्रं सोडत नाहीत, पण वळून, वाकून एका ठिकाणी गोळा होतात आणि निवडलेल्या एका जनुकाला वेढा घालतात. बाकीची शेकडो जनुकं दुसरीकडे, घट्ट आवळलेल्या भागात, गप्प पडून असतात. बेटांना एकत्र धरून ठेवतं कोण? एलएचएक्स-२ आणि त्याचा जोडीदार एलडीबी-१. २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या या गटाच्या निबंधानुसार, यातलं कुठलंही एक काढून घेतलं की हा मेळ मोडतो आणि वासाची जनुकं थंडावतात. एका गुणसूत्रावरचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्रावरच्या जनुकाला चालवतो, ही गोष्ट पूर्वी कितीतरी शास्त्रज्ञ मानायला तयार नव्हते. कुलाब्यात मेंदूचा नकाशा आखताना दिसलेलं प्रथिन न्यूयॉर्कमध्ये गुणसूत्रांची मोट बांधताना सापडलं.

करोनाच्या दिवसांत आमच्या शेजारच्या काकूंचा वास गेला होता. फोडणी करपून घरभर धूर झाला तरी त्यांना पत्ता लागेना. असं घराघरांत झालं. विषाणू मुख्यतः गंधपेशींच्या आजूबाजूच्या आधारपेशींत शिरतो, खुद्द गंधपेशींत फारसा नाही, हे तेव्हाच लक्षात आलं होतं. मग वास जातो कसा? लोमवार्दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनेरी हॅमस्टर आणि करोनाने दगावलेल्या माणसांच्या नाकातलं ऊतक तपासलं. २०२२ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात त्यांनी लिहिलं, की संसर्गानंतर गंधपेशींच्या केंद्रकातला हा मेळ विस्कटतो, गुणसूत्रांमधली सोयरीक सुटते आणि वासाची जनुकं मंदावतात. ज्या पेशीत विषाणू शिरलाच नाही, तिचीही घडी मोडते. वास जाण्याचं हे संभाव्य कारण म्हणून त्यांनी मांडलं. मला यातलं फार महत्त्वाचं वाटतं ते हे, की डीएनएचं एक अक्षरही न बदलता पेशी आपलं काम विसरू शकते.

पुण्यातही या विषयाची जुनी परंपरा आहे. डॉ. संजीव गलांडे यांनी आधी राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आणि नंतर आयसरमध्ये ‘सॅटबी-१’ या प्रथिनावर काम केलं. डीएनएचे फास ठरावीक जागी बांधून ठेवण्यात याचा हात असतो. रोगप्रतिकारासाठी लागणाऱ्या एका जनुकसमूहाचे फास सॅटबी-१ कसं राखतं, हे त्यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं. ते काम रक्तातल्या पेशींवरचं. पण याच प्रथिनाचा भाऊ सॅटबी-२ मेंदूत राबतो. २०१० चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार जीवशास्त्रासाठी दोघांना मिळाला, गलांडे आणि तोळे. एक पुण्याचं काम, एक मुंबईचं.

सॅटबी-२ चं महत्त्व मोठं आहे. कॉर्टेक्सच्या वरच्या थरांतल्या ज्या चेतापेशी मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांना जोडतात, त्यांची ओळख हे प्रथिन पक्की करतं. उंदरात ते काढून टाकलं की त्या पेशींचे तंतू दुसऱ्या भागाकडे जायचं सोडून खाली, भलत्याच दिशेने निघतात, हे २००८ मध्ये दोन गटांनी वेगवेगळं दाखवलं. माणसात या जनुकात बिघाड झाला तर मूल बोलायला फार उशिरा शिकतं, काही मुलं बोलतच नाहीत, टाळू दुभंगलेली असू शकते. कोहेसिनला डीएनएवर चढवणाऱ्या एनआयपीबीएल या जनुकातला दोष कॉर्नेलिया द लांग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराला कारण ठरतो, त्यातही बौद्धिक वाढ मंदावते. सीटीसीएफच्या दोषानेही बौद्धिक अडचणी येतात. घडी घालणाऱ्या प्रथिनांमध्ये थोडं बिनसलं, की मेंदूला त्याची झळ बसते. अशा मुलांच्या आईवडिलांना आपल्याकडे अजून किती बोल लावला जातो! ग्रहणात बाहेर पडलीस, अमकं खाल्लंस. श्रोतेहो, हे बिघाड बहुतेक वेळा नव्याने उद्भवलेले असतात. आईच्या वागण्याशी त्यांचा काही संबंध नसतो. आपल्या घरात, शेजारात असं कुणी असेल तर एवढं तरी त्यांना जरूर सांगा.

२०२३ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या पाच लाखांहून अधिक पेशी एकेक करून तपासून त्यांच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणांचा आणि त्यांतल्या काही पेशींच्या घडीचा नकाशा प्रसिद्ध झाला. तीन माणसांच्या मेंदूंतले ४६ भाग त्यात होते. नुसती घडी बघूनही पेशी कुठल्या जातीची हे बरंचसं ओळखता येतं. चेतापेशींत जवळजवळच्या भागांचा संपर्क जास्त, तर आधारपेशींत लांबलांबच्या भागांचा, असा एक ढोबळ फरकही त्यात आढळला.

पण घडी हे ओळखीचं कारण की परिणाम? यावर वाद आहे आणि तो मिटलेला नाही. २०१७ मध्ये पेशींतलं कोहेसिन अचानक नाहीसं केलं तेव्हा त्याच्या आधारावरचे फास गेले, तरी काही तासांत बहुतेक जनुकांच्या कामात फारसा फरक दिसला नाही. पुढे २०२२ मध्ये चेतापेशींवर केलेल्या प्रयोगात कळलं, की ज्या जनुकांचे फास लांब आहेत, त्यांनाच कोहेसिनची खरी गरज असते. म्हणून घडी हेच सगळं, असं मी म्हणणार नाही. प्रथिनं घडी बदलतात, घडी प्रथिनांना वाट देते किंवा अडवते आणि या देवाणघेवाणीतून पेशी स्थिरावते. चेतापेशींची कितीतरी जनुकं फार लांबलचक असतात, त्यांची चालना दुरून येते. घडीचा सर्वांत जास्त आधार कुणाला लागत असेल तर तो या पेशींना.

शेवटी एक फरक ध्यानात घ्यायला हवा. गंधपेशी आयुष्यभर नव्या तयार होतात. जुनी मेली की तळातल्या जनक पेशीपासून नवी येते, तिची घडी पहिल्यापासून पडते आणि गेलेला वास परत येण्याची एक वाट त्यातून निघते. मेंदूतल्या बहुसंख्य चेतापेशींना ही सोय नाही. त्या जन्माच्या सुमारास तयार होतात आणि सत्तर-ऐंशी वर्षं त्याच राहतात. मग त्यांची घडी एकदा बसली की कायमची, असं वाटेल. तसं नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अनुमेंदूतल्या कणिका पेशींचा असा अभ्यास झाला. कणिका पेशी म्हणजे मेंदूतल्या सर्वांत लहान आणि संख्येने सर्वांत जास्त चेतापेशी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की उंदरात आणि माणसातही या पेशींतली डीएनएची घडी जन्मापासून म्हातारपणापर्यंत हळूहळू बदलत राहते. गुणसूत्राचे एकमेकांपासून फार लांब असलेले भाग वय वाढेल तसे जवळ येत जातात. इतकी वर्षं घडी हलत असूनही कणिका पेशी कणिका पेशीच राहते. ते कशाच्या बळावर, याचा शोध आता सुरू आहे.