अपमानाची किंमत : कामाच्या ठिकाणचा छळ आणि आरोग्य



कामगाराचा हात यंत्रात सापडला, तर अपघाताची नोंद होते. परंतु वरिष्ठांच्या नित्याच्या अपमानाने एखाद्याची झोप उडाली, तर तिची नोंद कोठेच होत नाही. हजेरीपटावर उमटते ती केवळ आजारपणाची रजा.

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास स्वीडनमध्ये हाइन्झ लेमान यांनी १९८०च्या दशकात केला. आठवड्यातून किमान एकदा आणि निदान सहा महिने चालणारा त्रास म्हणजे छळ, अशी त्यांची व्याख्या होती. प्रसंगी रागावणे वेगळे. चारचौघांत पाणउतारा करणे, वाळीत टाकणे, मुद्दाम काम काढून घेणे, हे सतत घडणे वेगळे. स्वीडनने १९९३ मध्ये याविरुद्ध स्वतंत्र नियमही केले.

शरीरात काय घडते? संकटाची चाहूल लागताच मेंदूच्या आदेशावरून अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन व कॉर्टिसोल ही संप्रेरके स्रवतात. नाडी जलद होते, रक्तातील साखर वाढते. क्षणिक संकटात ही योजना उपकारकच असते. परंतु संकट रोज सकाळी कचेरीतच भेटत असेल, तर शरीराला विसावा मिळत नाही. झोप, रक्तदाब, पचन, प्रतिकारशक्ती यांवर ताण येतो. काही पाहण्यांत तर दीर्घकाळ छळ सोसलेल्यांचे सकाळचे कॉर्टिसोल उलट कमी आढळले. म्हणून केवळ रक्त वा लाळ तपासून कोणाचे दुःख खरे की खोटे, हे ठरवता येत नाही.

फिनलंडमधील दोन रुग्णालयांच्या पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. सुमारे पाच टक्के कर्मचाऱ्यांनी छळ होत असल्याचे सांगितले, आणि डॉक्टरी दाखल्यावर रजा घेण्याचे प्रमाण त्यांच्यात इतरांपेक्षा लक्षणीय अधिक होते.

आपल्या समाजात पेढ्या, दुकाने, कारखाने चालविणारे अनेक आहेत. वारंवार रजा घेणाऱ्यास कामचुकार ठरविण्यापूर्वी मालकाने त्यास एकांतात बोलावून विचारपूस करावी. तक्रार ऐकणारी व्यक्ती संबंधित वरिष्ठाच्या हाताखालची नसावी. नोकरानेही घडलेल्या प्रसंगांची तारीखवार टिपणे ठेवावीत आणि वेळीच वैद्यकीय सल्ला घ्यावा.

मुंगीही पायाखाली येऊ नये म्हणून जपणाऱ्या समाजाने गल्ल्यावरून सुटणाऱ्या शब्दालाही तितकेच जपावे. वाणीने झालेली जखम दिसत नाही; ती शरीर मात्र सोसत राहते.

जय जिनेंद्र!