कडप्पाच्या पोटात

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला काही व्याख्यान देता येत नाही. पाहिले तेवढे सांगते.

२०२३ च्या जानेवारीत आम्ही घरची सहा माणसे मोटारीने सोलापुराहून श्रीशैलाला गेलो. मल्लिकार्जुनाचे दर्शन झाले, पुढे महानंदी झाली, आणि पुतण्या म्हणाला, "काकू, आता बेलुमची गुहा पाहू." हे बेलुम आंध्रात, नंद्याल जिल्ह्यातील कोलिमिगुंडला मंडलात. तिकडे तालुक्यासारख्या विभागाला मंडल म्हणतात. आपल्यासारखे मंडळ समजून कोणी तेथे चहाफराळाची आशा धरू नये!

पाहावे तो सपाट माळ. जमिनीत विहिरीसारखी तीन भगदाडे, त्यांतल्या मधल्यात पायऱ्या. यजमान म्हणाले, "तुझे गुडघे दुखतात. तू वहिनींबरोबर वरच बस." आमच्या थोरल्या जाऊबाईंना दमा आहे, त्या वर बसल्या ते योग्यच. पण माझे गुडघे त्या दिवशी मुळीच दुखत नव्हते! तरीही सवयीने मी डब्यांची पिशवी घेऊन बसले. तेव्हा जाऊबाईच म्हणाल्या, "पिशवी ठेव माझ्याजवळ आणि जा. मला येऊन सगळे सांग."

सुमारे वीस मीटर खाली उतरल्यावर सपाट वाट लागते. दिवे लावलेले आहेत. भिंतीवर हात ठेवला आणि वाटले, अग बाई, हा तर आपला ओटा! ज्या कडप्पावर आपण पोळ्या लाटतो, तो काळा चुनखडक याच मुलुखातला. ओट्यावर लिंबाचा रस सांडून राहिला तर पांढरट डाग पडतो, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. गुहेचेही तसेच. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना किंचित आंबट होते, खडकाच्या भेगांत शिरते आणि त्याला विरघळवीत जाते. लाखो वर्षे हे चालले, आणि ३,२२९ मीटर लांबीचे दालनांचे जाळे झाले. पाहुण्यांना त्यातले सुमारे दीड किलोमीटर खुले आहे.

१८८४ साली रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने या गुहेची नोंद केली. १९८२-८३ मध्ये गेबाउअर या जर्मन संशोधकाच्या तुकडीने ती मोजली. मधल्या काळात तेथे गावचा कचराही पडे! गावातल्याच काही मंडळींनी सरकारकडे खेटे घातले, आणि २००२ साली ती लोकांना खुली झाली.

आत उकाडा फार. वरून नळांनी हवा सोडतात, तरी अंगाला घामाच्या धारा. एका ठिकाणी वाट अरुंद झाली, वाकून जावे लागले. पुढे यजमान दिसेनात, मागे गर्दी. माझी छाती धडधडू लागली. वाटले, ऐकले असते तर बरे झाले असते! तेवढ्यात मागच्या बाईने माझा दंड धरला. ती तेलुगू, मी मराठी. ती म्हणाली, "मेल्लगा अम्मा, मेल्लगा!" मला ऐकू आले, "मेले ग!" मनात म्हटले, बाई, मरते आहे मी आणि ओरडतेस तू! हसू फुटले, आणि हसण्याबरोबर श्वास मोकळा झाला. मेल्लगा म्हणजे 'सावकाश', हे पुतण्याने मागाहून सांगितले. तिने माझा हात सोडला तो पाताळगंगेपाशी. गुहेतले हे सर्वांत खोल ठिकाण, सेहेचाळीस मीटर खाली. लहानसा झरा खळखळत येतो आणि खडकात नाहीसा होतो. ते पाणी मी डोळ्यांना लावले.

वर आल्यावर जाऊबाईंना सगळे सांगितले. त्यांनी मध्येच विचारले, "आणि गुडघे?" मी म्हटले, "ते वरच ठेवून गेले होते!"

भगिनींनो, ज्यांना खरोखर झेपत नाही त्यांनी वर बसावे, त्यात कमीपणा नाही. परंतु दुसऱ्या कोणी ठरविले म्हणून आपले गुडघे दुखवून घेऊ नयेत. भीती वाटली तर वाटू द्यावी. मेल्लगा, मेल्लगा चालावे. आणि शेजारीण अडली तर तिचा दंड धरावा, भाषा येत नसली तरी चालते.