वजन उतरवणारी डबी आणि तुमची तक्रार



"पथ्य नको, व्यायाम नको,
महिन्यात दहा किलो वजन कमी!"
अशा जाहिराती सगळीकडे दिसतात.

खरं तर, लठ्ठपणावर औषध म्हणून अशी जाहिरात करायला
१९५४च्या कायद्यानं मनाई आहे.

धोका फक्त पैशांचा नाही.
सिब्युट्रामीन नावाचं एक औषध आहे.
हृदयाला घातक, म्हणून २०११ साली भारतात त्यावर बंदी आली.
तरीही 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते सापडलं आहे.
डबीवर मात्र त्याचं नावही नसतं.

फसलेली माणसं बहुतेक वेळा गप्प बसतात.
लाज वाटते.
ताईंनो, दादांनो, लाज विकणाऱ्याला वाटायला हवी!

फोन करा, एकोणीस पंधरा.
ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन.
मराठीतही बोलता येतं.
पुन्हा सांगते... एक, नऊ, एक, पाच.

फसव्या जाहिरातीची लेखी तक्रार
जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते.
गोळ्यांत भेसळीचा संशय असेल,
तर अन्न व औषध प्रशासनाला कळवा.

बिल जपून ठेवा.
जाहिरातीचा फोटो काढून ठेवा.
उरलेल्या गोळ्या घेऊ नका,
पण फेकूही नका.
डबीवरचा बॅच क्रमांक तक्रारीत लिहा.