परिचारिकेचा विवेक

परिचर्या म्हणजे सेवा, असें म्हणून आपण मोकळे होतों. परंतु केवळ सेवाभावानें ज्यांचा उलगडा होत नाहीं असे प्रसंग या कामांत नित्य येतात.

१९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनानें पुढें स्त्रियांना ससून रुग्णालयांत परिचर्येचें शिक्षण देवविलें. परक्याच्या देहाला हात लावणें, त्याचें मलमूत्र काढणें कुलीन स्त्रीला शोभत नाहीं, हीहि त्या काळची संस्कृतीच होती. रमाबाई रानडे यांनीं ती जुमानली नाहीं. तेव्हां संस्कृतींतलें काय राखावें आणि काय सोडावें, हें परिचारिकेला जागच्या जागीं ठरवावें लागतें.

छत्रपती संभाजीनगरांत १९५६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याचें रुग्णालय लोक ‘घाटी’ म्हणून ओळखतात. शासकीय कर्करोग रुग्णालयहि शहरांत आहे. मराठवाड्याच्या खेड्यांतून तंबाखूनें तोंड नासलेला एखादा शेतकरी तेथें येतो, अशी कल्पना करा. मुलगा परिचारिकेपुढें हात जोडतो, “सिस्टर, बाबांना कांहीं सांगूं नका, ते खचतील.” (दारावरची पाटी बाबांना वाचतां येते, हें त्याच्या ध्यानांत नसतें!) रात्रीं दिवे मंदावल्यावर बाबा विचारतात, “बाई, मला काय झालंय? खरं सांगा.”

मुलाची माया खरी आहे. आपल्याकडे दुखणें एकट्याचें नसतें. सारें घर तें वांटून घेतें. परंतु शेत कोणाच्या नांवें करावें, मुलीचें लग्न केव्हां उरकावें, हें ठरविण्याचा बाबांचा हक्क त्याच मायेखालीं दडपतो. “कांहीं नाहीं, बरे व्हाल” हें उत्तर सोपें, पण असत्य. रोगाचें नांव एकदम उच्चारणेंहि बरें नव्हे. निदान सांगणें डॉक्टरांचें काम. जाणती परिचारिका खाटेशीं बसते, “तुम्हांला काय वाटतं? किती जाणून घ्यायचं आहे?” असें विचारते, आणि सकाळीं डॉक्टरांना व मुलाला सांगते, कीं बाबा विचारूं लागले आहेत, आतां गप्प राहून चालणार नाहीं. एखादा रोगी आपण होऊन म्हणतो, “मुलालाच सांगा, मला नको.” त्याचाहि मान राखला पाहिजे.

हें बोलणें उपजत येत नाहीं. सलाईन लावण्याप्रमाणें तें अनुभवी परिचारिकेजवळ उभें राहून शिकावें लागतें; आणि त्याला वेळ लागतो. एका पाळींत पन्नास रोगी एकीवर सोंपविले, तर खाटेशीं बसण्याची ती दहा मिनिटें तिनें कोठून आणावीं, याचें उत्तर पाळ्यांचा तक्ता आंखणाऱ्यांनीं द्यावयाचें आहे.